हँडब्रेक

मागच्या महिन्यात माझं अपेंडिक्स काढलं.
दुखत नव्हतं. पण नियम आहे,
तिकडे बर्फात पोट कापणारं कुणी नसतं,
म्हणून जे बिघडू शकतं
ते निघण्याआधी इथेच सोडायचं.

आज गाडीची पाळी.
चौऱ्याण्णव सालची पिकअप, लाल.
म्हणजे, होती लाल.

पुन्ता अरेनासचा वारा
सकाळपासून शेडच्या पत्र्याला दम देतोय.
आधी धुतली, वरून कमी, खालून जास्त.
समुद्राकाठचं मीठ समोरून भांडत नाही,
चाकाच्या कमानीत, दाराच्या कडेखाली
गुपचूप बिऱ्हाड थाटतं.
मग टाकी गळ्यापर्यंत भरली,
रिकामी जागा राहिली की ओल शिरते
असं शेजारचे झ्लात्को म्हणतात.
वय एक्क्याऐंशी. उलट्या बादलीवर बसून
ते माझ्याकडून सगळं करवून घेतात.

तेल काढलं. काळंकुट्ट, सावकाश, एका धारेत.
"हे पोटात ठेवून झोपू देऊ नकोस तिला.
राग पोटात ठेवून झोपू नये, तसं."
मी मान वर केली नाही.
"तेलाबद्दल बोलतोय हं," म्हातारा म्हणाला,
"तुझ्या भावाबद्दल नाही."

टायरांत हवा जास्त भरली.
सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबली,
उंदरांना ऊब कळते, मालक कळत नाही.
सीटखाली सापडलं:
एक हातमोजा (डावा),
नातालेसच्या पेट्रोलपंपाची पावती,
आणि जांभळी पडून वाळलेली कालाफातेची तीन फळं.
हे फळ खाल्लेला माणूस इथे परत येतोच
असं इथे सगळे म्हणतात.
सीटखाली सांडलेल्या फळांचं काय, ते कुणी सांगत नाही.
मी ती तिथेच राहू दिली.

बॅटरी काढताना आधी काळी तार, मग लाल.
घड्याळ चार वाजून सात मिनिटांनी गेलं.
रेडिओही विसरला असणार
रिगोबेर्तोनं लावून ठेवलेलं ते फुटबॉलचं स्टेशन,
जे मी दोन वर्षं बदललं नाही
आणि एकदाही ऐकलं नाही.
गाडी दोघांची. बाबांनी तसंच लिहून ठेवलं होतं.
भांडण मात्र माझ्या एकटीचं आहे
असं तो म्हणतो.

बॅटरी झ्लात्कोंच्या स्वयंपाकघरात राहील, शेगडीपासून लांब.
महिन्याला एकदा ते गाडी वीतभर ढकलतील,
टायर एकाच जागी बसून चपटे होऊ नयेत म्हणून.
"आणि मला कोण ढकलणार?"
त्यांनी विचारलं, आणि स्वतःच इतके हसले
की बादली घसरली.

प्लॅस्टिक नको, आत घाम धरतं.
आईच्या चार सुती चादरी शिवून
केलेली खोळ चढवली. निळी फुलं बॉनेटवर आली.
वहीत आकडा लिहिला: दोन लाख चौदा हजार तीनशे शहाऐंशी.
तेरा महिन्यांनी हाच असेल.
माझा कुठला आकडा लिहून ठेवावा, सुचलं नाही.

दुसरी किल्ली पाकिटात घातली.
चिठ्ठी नाही. नुसतं पाकिटावर मागे:
"बॅटरी झ्लात्कोंकडे आहे.
दुसरा गिअर अजून अडतो, तुला माहीतच आहे."
पत्ता नातालेसचा. तिकीट जरा तिरकं बसलं.

रात्री अंथरुणात आठवलं,
हँडब्रेक ओढलेलाच राहिला.
सवय. वर्षभर असा राहिला
तर पकडलेलं सुटत नाही, गंज त्यालाच धरून बसतो.
स्वेटर घालून गेले. खोळ एका बाजूनं उचलली,
दार उघडलं, आतला दिवा लागला नाही,
अर्थातच.
अंधारात बसले. हातानं शोधलं.
बटण दाबलं, दांडा खाली सोडला.

गाडी बोटभर पुढे सरकली,
चाकाखालच्या ओंडक्याला टेकली,
आणि थांबली.